बार्शीचा फिनलंडकर

घरच्या आठवणीनं व्याकूळ होणारी मराठी माणसं मी जर्मनीत भरपूर पाहिली. पण जे आपलं घर नाही, गाव नाही, सासरसुद्धा नाही, अशा देशासाठी झुरणारा माणूस एकच पाहिला. त्याचा जन्म बार्शीचा, शिक्षण सोलापूर आणि पुण्याचं, मुक्काम हायडेलबर्गला, आणि जीव अडकलेला फिनलंडमध्ये. तिथे तो राहिला होता एकूण आठ महिने. तेवढ्यावर त्यानं त्या देशाच्या सगळ्या चालीरीती अशा काही अंगी बाणवल्या होत्या की एखादा खरा फिनिश माणूस त्याच्या शेजारी बडबड्या वाटला असता. हायडेलबर्गच्या मराठी मंडळींनी त्याचं नाव 'फिनलंडकर' ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं. त्यावर त्याचं म्हणणं काय, हे कुणालाच कळलं नाही, कारण तो म्हणालाच नाही.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. फोनकार्डावरचा नंबर खरवडून घरी बोलायचे दिवस. मी नाशिकहून पीएचडीसाठी येऊन आठवडा झाला होता आणि आठवडाभरात मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. बसस्टॉपवर एक उंच, लोकरी टोपीतला माणूस फोनवर म्हणाला, "हो गं आई, जेवलो." मला गहिवरून आलं. त्याचं बोलणं संपायची वाट पाहिली आणि जवळजवळ ओरडलोच, "तुम्ही मराठी!" त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच विचार केला. मग "हो" म्हणाला आणि दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिला. बस यायला अजून सहा मिनिटं होती. ती सहा मिनिटं आम्ही रस्त्याकडे बघत काढली. बस आली तेव्हा तो म्हणाला, "दार आपोआप उघडत नाही. बटण दाबावं लागतं." एवढा शिष्ट माणूस मी जन्मात पाहिला नाही, असं मनाशी म्हणत मी बटण दाबलं. पुढे ओळख झाल्यावर तो एकदा म्हणाला, "त्या दिवशी बसस्टॉपवर आपल्या किती छान गप्पा झाल्या, नाही?" तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा त्याला करताच येत नसे.

त्याचा पीएचडीचा विषय होता गाळ. फिनलंडच्या तळ्यांच्या तळाशी दर वर्षी गाळाचे दोन पातळ थर बसतात. बर्फ वितळतं तेव्हा फिका, हिवाळ्यात गडद. एक जोडी म्हणजे एक वर्ष. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, लांब नळी तळात रोवायची, गाळाचा दंडगोल जसाच्या तसा वर काढायचा आणि मग थर मोजत मागे मागे जायचं. त्यासाठीच तो आठ महिने तिकडे जाऊन आला होता. आता अडचण अशी होती की त्यानं मोजलेली वर्षं आणि गाळाचं वय काढणाऱ्या यंत्रानं सांगितलेली वर्षं जुळत नव्हती. चाळीस वर्षांचा फरक येत होता. त्यानं अकरा वेळा मोजलं. "चाळीस वर्षं हरवलीत," असं तो सांगायचा. आपण बसमध्ये छत्री विसरल्याचं सांगतो तसं. मी आलो तेव्हा त्याचं सहावं वर्ष चालू होतं. त्याच्याबरोबर सुरू केलेले जर्मन विद्यार्थी एव्हाना डॉक्टर होऊन, नोकरी धरून, मुलांना किंडरगार्टनमध्ये घालून मोकळे झाले होते.

सहावं वर्ष लागलेल्या माणसाला आपली मंडळी काय विचारतात हे सांगायला नको. आसपासच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधली पुण्यामुंबईची बिऱ्हाडं दिवाळीला आम्हा विद्यार्थ्यांना फराळाला बोलवत. फार मायेची माणसं. चकली देताना विचारत, "मग, सबमिशन कधी?" लाडू देताना विचारत, "घरी लग्नाचं बघतायत की नाही?" फिनलंडकर प्रत्येक प्रश्न मनावर घ्यायचा. आधी थांबायचा. हे त्याचं थांबणं इतकं लांब असे की फोनवर मी दोनदा लाईन तुटली समजून फोन ठेवून दिला होता. मग खरं तेच सांगायचा. "माहीत नाही." चांगली रंगलेली बैठक त्या दोन शब्दांनी थंड पडायची. मुलाकडे आलेले एक काका त्याला म्हणाले, "अहो, काहीतरी अंदाज असेल ना?" त्यानं पुन्हा विचार केला आणि म्हणाला, "चाळीस वर्षांचा."

फिनलंडचं कोडं मला हळूहळू उलगडलं. तिथे तो तळ्याकाठी एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या घरी राहिला होता. पहिल्या महिन्यात त्या दोघांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता: "कॉफी?" तो दिवसातून सहा-सात वेळा विचारला, पण दुसरा नाही. कुठून आलास, बाप काय करतो, किती वर्षं झाली, किती राहिलीत, काही नाही. जेवताना कुणी बोलत नसे आणि न बोलल्याचं कुणाला ओझं नसे. शनिवारी म्हातारा लाकडं पेटवायचा आणि मानेनंच खूण करायचा. मग दोघं तळ्याकाठच्या लाकडी खोलीत तापलेल्या दगडांसमोर घामाघूम होऊन बसायचे, दगडांवर पाणी टाकायचे आणि बर्फातल्या भोकात बुडी मारून यायचे. निघायच्या दिवशी म्हातारा स्टेशनवर आला, त्याच्याशेजारी अर्धा तास उभा राहिला, आणि गाडी लागल्यावर म्हणाला, "तळं इथंच आहे." हे सांगताना फिनलंडकराचे डोळे भरून येत. "बघ ना," तो म्हणायचा, "केवढं बोलला तो!"

तेव्हापासून त्याला शनिवार जाईना. त्या वाफेच्या खोलीला आपण 'सॉना' म्हटलेलं त्याला खपत नसे. "साउना," तो दुरुस्त करायचा. उच्चार दुरुस्त करणं ही त्याची एकमेव आक्रमक सवय. हायडेलबर्गच्या पोहण्याच्या तलावाला जोडून एक साउना होता, पण तिथे जर्मन कारभार. दर तासाला घड्याळ बघून एक कर्मचारी आत येणार, सुवासिक पाणी दगडांवर घालणार, टॉवेल गरगर फिरवून वाफ सगळ्यांच्या तोंडावर मारणार, आणि शेवटी लोक टाळ्या वाजवणार. टाळ्या! फिनलंडकराला हे देवघरात बँडबाजा लावल्यासारखं वाटायचं. फिनिश रीत अशी की ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा पाणी टाकावं. एका शनिवारी त्यानं शांतपणे उठून पाण्यानं भरलेला लाकडी डाव दगडांवर रिकामा केला. "वेळ झालेली नाही!" कर्मचारी काचेबाहेरून ओरडला. "मला वाटलं, झाली," फिनलंडकर म्हणाला, आणि दुसरा डाव ओतला. त्याला महिनाभर प्रवेशबंदी झाली. ही बातमी बार्शीला पोचली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "आरं, वाफंत बसायला एवढ्या लांब कशाला ऱ्हायलास? हितं ये. वैशाखात पत्र्याखाली बस, कोण बंदी घालतंय बघू."

मग त्यानं स्वतःचाच साउना बांधायचं मनावर घेतलं. गावाबाहेर नेकार नदीच्या काठी लोकांच्या छोट्या छोट्या बागा आहेत. प्रत्येकीत एक लाकडी खोपटं, चार ओळी बटाटे आणि नियमांची वही. त्यातली एक बाग एका जर्मन आजींची होती. त्यांना आता खणणं जमत नव्हतं. फिनलंडकरानं खणायचं आणि खोपटं वापरायचं, असं ठरलं. त्यानं जुनी लोखंडी शेगडी मिळवली, बाक ठोकले आणि नदीतून गुळगुळीत दगड उचलून आणले. पहिल्याच शनिवारी त्यातला एक दगड बंदुकीसारखा फुटला आणि आम्ही दोघं टॉवेलानिशी बटाट्यात येऊन पडलो. नदीतल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, तापलं की तो फुटतो. भूगर्भशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे माहीत असतं. "मला माहीत होतं," फिनलंडकर बटाट्यांतून उठत म्हणाला, "पण फार सुंदर होता." आवाज ऐकून बागांच्या मंडळाचे अध्यक्ष आले. खोपट्यात साउना चालत नाही, मासे धुरावायची भट्टी मात्र चालते, असं त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. आजींनी ताबडतोब सांगितलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, भट्टीच आहे ती." अध्यक्षांनी नमुना मागितला. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या या बार्शीकरानं त्यापुढे दर महिन्याला एक मासा नाक दाबून धुरावला आणि अध्यक्षांच्या घरी पोचवला. अध्यक्ष पुढे त्या माशांचे इतके चाहते झाले की नाताळात दोन मागू लागले.

त्या खोपट्यात नियम एकच होता. बाकावर बसलं की पीएचडीबद्दल बोलायचं नाही. मी पहिल्यांदा गेलो तो नाशिकच्या संस्कारांप्रमाणे टॉवेल छातीपासून गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळून. त्यानं काही म्हटलं नाही. आत गेल्यावर पाचच मिनिटांत संस्कार आपोआप सैल झाले.

माझं तिसरं वर्ष संपत आलं तेव्हाची गोष्ट. गव्हावरच्या बुरशीचा अभ्यास होता माझा. एका सुट्टीच्या आठवड्यात रोपांच्या खोलीचं तापमान बिघडलं आणि दीड वर्षं वाढवलेली सगळी रोपं उभ्या उभ्या करपली. माझे प्राध्यापक बघायला आले. एक काडी हातात घेऊन म्हणाले, "आल्झो, तर मग पुन्हा सुरू करू या." जणू चहा सांडला होता. मी त्याच दिवशी ठरवलं, पुरे. नाशिकला एका कॉलेजात जागा निघाली होती. अर्ज लिहिला, विमानाच्या तिकिटाची चौकशी केली आणि फिनलंडकराला जाऊन सांगितलं, "मी सोडतोय." मला वाटलं, हा तरी 'अरे वेडा का' म्हणेल. तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "शनिवारी ये."

शनिवारी बाहेर बारीक बर्फ पडत होतं. आम्ही बाकावर बसलो आणि मला राहवलं नाही. "प्राध्यापकांना काही वाटतच नाही रे," मी सुरू केलं. त्यानं एक डाव पाणी दगडांवर टाकलं. वाफ अशी आली की माझं तोंड मिटलं. श्वास सापडल्यावर मी म्हणालो, "दीड वर्षाचं काम..." दुसरा डाव. "आणि त्या खोलीची देखभाल करणाऱ्यांनी निदान..." तिसरा डाव. माझे कान भाजायला लागले. मी गप्प झालो. किती वेळ गेला ठाऊक नाही. आधी रोपं डोक्यातून गेली, मग प्राध्यापक, मग नाशिकचं कॉलेज. शेवटी नुसती शेगडीची कुरकुर उरली. बाहेर येऊन आम्ही थंडीत उघडेच उभे राहिलो. अंगातून वाफा निघत होत्या. तो काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "कॉफी?"

सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्या होस्टेलच्या खोलीचं दार वाजलं. दारात फिनलंडकर. त्यानं बूट काढले, आत आला, माझ्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला, गाळाचे मोठे केलेले फोटो पसरले आणि पेन्सिलीनं थर मोजायला लागला. मी विचारलं, "काही काम होतं का?" त्यानं मान हलवली. नव्हतं. आता एक माणूस समोर बसून काम करतोय म्हटल्यावर मी काय करणार? पहिल्या दिवशी मी टेबलाचे खण आवरले. दुसऱ्या दिवशी जुने आकडे बघितले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की करपलेल्या रोपांच्या आधीचे आकडे अगदीच वाया गेलेले नाहीत, त्यांवर एक प्रकरण उभं राहू शकतं. चौथ्या दिवशी मी पहिलं वाक्य लिहिलं. ते वाईट होतं, पण होतं. अकराला कॉफी. एकला तो फोटो गोळा करायचा, बूट घालायचा आणि म्हणायचा, "उद्या." दुपारी मी प्रयोगशाळेत नवी रोपं लावायला जायचो. शनिवार-रविवार सोडून जवळजवळ सव्वा वर्ष तो असा आला. बर्फात आला, तापात आला, सर्दीनं नाक गळत असताना आला. धीर धर, होईल, हिंमत सोडू नकोस, यातलं एक अक्षर त्यानं उच्चारलं नाही. नाशिकचा अर्ज खणातच राहिला.

आणि माझं झालं. तोंडी परीक्षा संपली. जर्मन रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी पुठ्ठ्याची एक अचाट टोपी करून माझ्या डोक्यावर चढवली होती, तिला गव्हाच्या लोंब्या आणि कापसाची बुरशी लटकत होती. दुपारची वेळ, हातात पेले, प्राध्यापक हसताहेत, फराळवाली सगळी मराठी मंडळी आलेली. फिनलंडकर भिंतीजवळ उभा होता. मला त्याच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की काय करू कळेना. मी त्याच्याकडे गेलो, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आता तुझा नंबर! तुझं कधी?"

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं. साडेचार वर्षांत हा प्रश्न त्याला न विचारलेला हायडेलबर्गमधला मी एकटा मराठी माणूस होतो. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो थांबला. तो थांबायचा हे मला माहीत होतं, पण इतका थांबलेला मी पाहिला नव्हता. कुणीतरी घसा खाकरला. मग तो म्हणाला, "माहीत नाही." पेला खिडकीत ठेवला, माझा हात हातात घेऊन "अभिनंदन" म्हणाला आणि गेला.

सोमवारी आठ वाजता दार वाजलं नाही. मी नऊपर्यंत टेबलाशी बसून होतो. लिहायचं काही उरलं नव्हतं तरी. शनिवारी बागेत गेलो. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "काल येऊन सगळी जमीन खणून गेला," त्या म्हणाल्या. "इतकं खणायचं नव्हतं." मी त्याला फोन करून माफी मागायला हवी होती. दोनदा केलाही, पण पलीकडची ती शांतता, जी मला एके काळी उशीसारखी मऊ वाटायची, आता टोचायला लागली होती. मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला. मग स्टुटगार्टला एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली. लग्न झालं. डोंगरावरची जागा, एसबान लोकलची धावपळ, बायकोचा जर्मनचा क्लास, एकामागून एक दोन मुली. माणसाला न भेटायला एवढं पुरतं.

पाच वर्षांनी, ऑक्टोबरात आजींचा फोन आला. "तुझ्या मित्राचं झालं हं," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्येच. कुणाला सांगितलं नाही. परीक्षा देऊन सरळ इथे आला आणि बटाटे लावले. मला संध्याकाळी कळलं, तेही कोट घालून का खणतोयस विचारलं म्हणून." मला आनंद झाला. नंबर मागितला तर तो फिनलंडचा निघाला.

त्यानं फोन उचलला. मी नाव सांगितलं. तो थांबला. या वेळी मीही थांबलो. मग त्यानं सांगितलं, चाळीस वर्षं सापडली. त्याच तळ्यावर तो पुन्हा एक हिवाळा गेला आणि जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर नळी घातली. पहिल्या जागी केव्हातरी पाण्याखालचा उतार घसरला होता आणि तेवढे थर घेऊन गेला होता. दुसऱ्या जागी ते होते, एकावर एक, व्यवस्थित. आता तो तिथल्याच नगरपालिकेत तळ्यांचं पाणी तपासायच्या नोकरीत होता. म्हाताऱ्या जोडप्याच्या शेजारीच घर घेतलं होतं. नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात आईसुद्धा येऊन राहिली. म्हातारीला मराठीचं अक्षर कळत नाही आणि आईला फिनिशचं. तरी रोज दुपारी दोघी ओसरीवर बसायच्या. आई अखंड बोलायची आणि म्हातारी ऐकायची. बार्शीला परतल्यावर आई सगळ्यांना सांगत होती, "लई गुणाची बाई. मदी मदी बोलत न्हाई."

आम्ही दोघं हसलो. मग मी म्हणालो, "त्या दिवशी मी विचारायला नको होतं." माझी थोरली मुलगी पलीकडच्या खोलीत जर्मनमध्ये बाहुलीला रागावत होती, ते सगळं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "बाकीचे विचारायचे तेव्हा मला काही वाटायचं नाही. तू विचारलंस तेव्हा पहिल्यांदा उत्तर द्यावंसं वाटलं. आणि नव्हतं. म्हणून गेलो." थोड्या वेळानं म्हणाला, "त्याच आठवड्यात तळ्यावर जायचं नक्की केलं." आणखी थोड्या वेळानं म्हणाला, "ये."

"येतो," मी म्हणालो.

त्यालाही आता चार वर्षं झाली. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत करताना मी फिनलंडचं नाव काढतो. कधी भारतात कुणाचं लग्न निघतं, कधी सासूबाई यायच्या असतात, कधी मुलींना समुद्र हवा असतो. शनिवारी दुपारी घरात टीव्ही चालू असतो, मुली भांडत असतात, कुणीतरी जेवायला यायचं असतं आणि त्यांच्याशी काय काय बोलायचं हे मी मनाशी जुळवत असतो, तेव्हा मला एकदम त्याच्या शेजारी बसावंसं वाटतं, आणि मग ती संबंध दुपार माझी कशातच जात नाही. बायको परवा म्हणाली, "अहो, एवढं वाटतं तर या ना जाऊन एकदा. पण इतक्या लांब जाऊन तुम्ही दोघं बोलणार काय?"

"काही नाही," मी सांगितलं.

तिला ते काही जाण्याचं कारण वाटलं नाही. माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.